कापडावरचं वजन

बायको गेल्यावर दीड महिना मास्तरांनी तिच्या लष्करी ट्रंकेला हात लावला नाही. मग एका सोमवारी उघडली, आणि उघडल्यावर मात्र त्यांना घाई झाली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि आयुष्य कोट-पँटी शिवण्यात गेलेलं. बायको लष्कराच्या इस्पितळात परिचारिका होती. एक लढाई तिने अगदी जवळून पाहिली होती आणि कॅप्टन म्हणून ती निवृत्त झाली होती. गल्लीत हे फार थोड्यांना ठाऊक. दारावर पत्र्याची पाटी होती, तिच्यावर मास्तरांचं नाव आणि खाली ‘कोट व सूट’. तिला सगळे ‘मास्तरांची बायको’ म्हणत आणि तीही ओ देई. ती असताना मास्तरांना यात काही वावगं वाटलं नाही. ती गेल्यावर ती पाटी त्यांना रोज येता-जाता टोचायला लागली.

म्हणून त्यांनी ठरवलं, दारावर पितळी पाटी लावायची. तिचं नाव, तिचा हुद्दा. आणि पितळही तिचंच. ट्रंकेत तिच्या गणवेशाची बटणं होती, टोपीचा बिल्ला, खांद्यावरचे तारे, पट्ट्याचं बक्कल. ते सगळं एका पिशवीत भरून ते ओताऱ्याकडे गेले.

ओतारी त्यांच्याच वयाचा, जुन्या ओळखीचा. हातोड्याच्या आवाजाने त्याचा डावा कान कामातून गेलेला. त्याने पिशवी तराजूत टाकली आणि हसला.

“मास्तर, एवढ्यात पाटी नाही व्हायची. चमचा होईल.”

“किती कमी पडतंय?”

“अर्धा किलो तरी. माझ्याकडचं भंगार घालतो की. नळाच्या तोट्या आहेत चांगल्या.”

“नळाच्या तोट्या?” मास्तर म्हणाले. “तिच्या नावात? अजिबात नाही.”

“अहो, वितळल्यावर कोणाला कळतंय कुठली तोटी आणि कुठलं बटण?”

“मला कळतंय ना.”

अंगचं कापड कमी पडलं तर मास्तर आतल्या शिवणीतून काढत, पण दुसऱ्या थानाचा जोड कधी लावत नसत. तो त्यांचा नेम होता आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. तेव्हा ते घरी आले, कटिंगच्या टेबलावरचा भोवरा उचलला आणि ओताऱ्याला नेऊन दिला.

“हा घ्या. हाही तिचाच.”

भोवरा हे घरातलं नाव. होतं ते एक जड पितळी टोक, मुठीत मावेल न मावेल एवढं, खाली रुंद आणि वर निमुळतं. मधे एक फिरती कडी, तिच्यावर बारीक आकडे कोरलेले. लग्नाच्या पहिल्या वर्षी मास्तरांनीच ते तिच्या ट्रंकेतून काढलं होतं. कापड कापताना ते सरकू नये म्हणून वर वजन लागतं, आणि लोखंडाच्या वजनाचा गंज पांढऱ्या कापडाला लागतो. पितळाचं हे टोक अगदी सोन्यासारखं सापडलं. तेव्हापासून एकतीस वर्षं ते टेबलावर होतं.

ओताऱ्याने ते तळहातावर तोललं. “हां, आता जमलं. शुक्रवारी भट्टी पेटवतो. संध्याकाळी पाटी न्यायला या.”

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास संग्रहालयाची बाई आली. लष्करी इस्पितळाच्या आवारात जुन्या वस्तूंचं एक छोटं संग्रहालय होतं, ते ती सांभाळायची. बाकीच्या वस्तू, म्हणजे गणवेश, दोन पदकं, पत्रं आणि एक वही, मास्तर तिथे देणार होते. बाई चाळिशीची, हातात पांढरे सुती मोजे, बोलणं हळू. तिने पदकं पाहिली, गणवेशाची शिवण पाहून “ही तुमची का?” म्हणून विचारलं, आणि मास्तर जरा खुलले. मग ती वही वाचत बसली. मास्तर चहा ठेवायला आत गेले.

कप घेऊन बाहेर आले तर बाई वाचायची थांबली होती. ती भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती. फोटोत बायको कटिंगच्या टेबलाशी बसून कुठल्याशा पँटीचा गोट शिवत होती, आणि तिच्या कोपरापाशी भोवरा.

“काका,” बाई म्हणाली, “हे टेबलावर काय आहे?”

“ते होय? भोवरा. कापडावर ठेवायला.”

“आता कुठे आहे तो?”

तिचा आवाज बदलला होता. मास्तरांनी कप खाली ठेवले.

“का?”

“आधी सांगा, घरात आहे का?”

“नाही. ओताऱ्याकडे दिलाय. पाटी करायला.”

बाई उठली. एक मोजा तिने काढला आणि पुन्हा घातला, काय करतेय हे तिलाच समजत नसावं. “काका, ते तोफेच्या गोळ्याचं टोक आहे. गोळा केव्हा फुटायचा ते हे टोक ठरवतं. त्याच्या आत त्याची स्वतःची दारू असते.”

“अहो, एकतीस वर्षं टेबलावर होतं ते.”

“असेल. काही टोकं रिकामी करून लोक आठवण म्हणून ठेवतात. हे रिकामं असेलही. पण बाहेरून बघून कोणालाच सांगता येत नाही. त्याला आपटायचं नाही, तापवायचं नाही, कापायचं नाही. वितळवायला दिलंय म्हणता, कधी वितळवणार?”

“आज,” मास्तर म्हणाले. “भट्टी आज पेटलीय.”

त्यांनी ओताऱ्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. भट्टी चालू असली की ओतारी सदरा खुंटीला टांगायचा आणि फोन त्या सदऱ्याच्या खिशात असायचा, हे मास्तरांना ठाऊक होतं. तरी त्यांनी चार वेळा लावला. बाईने तोवर पोलिसांना कळवलं, पत्ता सांगितला, आणि पलीकडच्या माणसाने तीन वेळा तेच विचारलं तेव्हा ती पहिल्यांदा ओरडली.

“काका, ते म्हणतायत कोणीही तिथे जायचं नाही.”

मास्तरांनी पायात चपला सरकवल्या होत्या. “त्याला कोण सांगणार मग? त्याला ऐकू येत नाही.”

बाईने एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली उचलली.

गाडी लहान होती आणि रस्ता भरलेला. मास्तर पुढच्या सीटवर दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून बसले होते. त्यांना एकामागून एक आठवायला लागलं, आणि नको म्हटलं तरी थांबेना. भोवरा टेबलावरून तीनदा पडला होता. एकदा फरशीचा टवका उडाला होता, तो अजून तसाच आहे. मुलगी लहान असताना टेबलाखाली बसून त्याची ती कडी फिरवायची. आकडे जुळवायची, कडकड वाजवायची आणि ओरडायची, “बाबा, बारा वाजले!” आणि ते म्हणायचे, “वाजू देत.” सणकून ताप आलेल्या पोरीच्या हातातही त्यांनीच तो दिला होता एकदा, थंड लागतो म्हणून.

आणि इस्त्री. इस्त्री तर त्याच टेबलावर होती.

इथे त्यांना दुसरंच काही आठवलं. पहिल्या वर्षी ती रजेवर घरी आली आणि तिने भोवरा टेबलावर पाहिला. हातात बॅग तशीच धरून ती दारात उभी राहिली. त्यांना वाटलं, न विचारता ट्रंक उघडली म्हणून रागावली. पण ती म्हणाली एवढंच, “हे इस्त्रीपाशी ठेवू नका.” त्यानंतर एकतीस वर्षं, ती घरी असताना मास्तरांनी इस्त्रीचं बटण दाबलं की ती असेल तिथून उठून यायची, भोवरा दोन्ही हातांनी उचलायची आणि पलीकडच्या फळीवर ठेवायची. पोळपाटावरून उठून यायची, हाताला पीठ असायचं. पितळ तापलं की काळं पडतं म्हणून जपते, असं ते समजत. थट्टाही करत. “तुझ्या ह्या पितळी जवानाचा सांभाळ करतेस बाई तू, माझा नाही एवढा करत.” ती हसायची नाही.

“तिला माहीत होतं का हो?” त्यांनी विचारलं.

बाई समोर बघत गाडी चालवत होती. “आत्ता नको, काका. आधी पोचू.”

ओताऱ्याचा कारखाना म्हणजे बोळाच्या टोकाला पत्र्याची एक शेड. गाडी आत जाईना. मास्तर उतरले आणि चालायला लागले. धावायची हिंमत होईना, आणि सावकाश जायलाही पाय तयार नव्हते. शेडच्या वर धुरांड्यातून धूर निघत होता. म्हणजे भट्टी चालू. म्हणजे अजून काही झालेलं नाही. की आता, पुढच्या पावलाला होईल? समोरच्या घरातली एक म्हातारी उंबऱ्यात शेंगा सोलत बसली होती. मास्तर तिला म्हणाले, “आजी, आत जा. मागच्या दाराने लांब जा.” ती म्हणाली, “का रे बाबा, तुझं काय घेतलंय मी?” मागून आलेल्या बाईने तिला हाताला धरून उठवलं.

मास्तर शेडच्या दाराशी आले. आधी उष्णता अंगावर आली. भट्टी घोंघावत होती, तिच्यात पितळ वितळवायची मूस, आणि मुशीच्या तोंडाशी पांढरट उजेड. त्यांनी त्या उजेडाकडे पाहिलं. पण ओतारी भट्टीपाशी नव्हता. तो कोपऱ्यातल्या बाकाशी होता, पाठमोरा. बाकाला व्हाइस होता, व्हाइसच्या जबड्यात भोवरा घट्ट आवळलेला होता, आणि ओतारी तो लोखंड कापायच्या करवतीने कापत होता.

तेव्हा मास्तरांना समजलं की हा माणूस भला आहे आणि शहाणाही आहे, आणि त्यामुळेच आता सगळे मरणार. बंद पोकळ वस्तू ओतारी कधी तशीच मुशीत टाकत नाहीत. आत पाण्याचा थेंब जरी असला तरी वितळतं पितळ अंगावर उसळतं. आधी कापायची, पोकळी मोकळी करायची, मगच मुशीत. हातात घेतल्यावर ओताऱ्याला भोवऱ्याच्या आत पोकळी जाणवली असणार. तो आपला नेम पाळत होता, जसा मास्तरांनी पाळला होता.

करवत पुढे जात होती, मागे येत होती. पितळाचा पिवळा भुसा बाकावर पडत होता.

हाक मारावी तर ऐकू जाणार नाही. मागून खांद्याला हात लावला तर दचकेल, झटका बसेल. मास्तर भिंतीला धरून, पाय न वाजवता वळसा घालून त्याच्या समोर गेले. दोन्ही तळवे वर केले. ओताऱ्याने मान वर केली, त्यांना पाहिलं, तोंडभर हसला.

“आलात? संध्याकाळी या म्हटलं होतं ना! धीर म्हणून नाही तुम्हाला. थांबा, थोडंच राहिलंय.”

आणि खाली बघून त्याने पुन्हा करवत ओढली.

“थांब!” मास्तर ओरडले. भट्टीच्या आवाजात ते कुठच्या कुठे गेलं.

कात्री चालू असताना पात्यापुढे कोणाचं बोट आलं की शिंप्याचा हात आपोआप थांबतो. विचार करावा लागत नाही. करवतीवाल्याचंही तसंच असणार, एवढंच मास्तरांच्या डोक्यात होतं. त्यांनी डावा हात पुढे केला आणि भोवऱ्यावर, खाचेवर, आडवा ठेवला.

करवत त्यांच्या बोटांवर आली आणि थांबली.

“अहो! वेड लागलं का!” ओतारी किंचाळला. बोटांतून रक्त आलं आणि पितळावर उतरलं. मास्तरांनी हात काढला नाही. भोवरा गरम होता. घासून तापला होता, जिवंत माणसाच्या अंगासारखा. त्यांनी उजव्या हाताने ओताऱ्याची मान धरली, त्याचा चांगला कान आपल्या तोंडापाशी आणला.

“बॉम्ब आहे,” ते म्हणाले. “करवत सोड. हळू. आणि चल बाहेर.”

ओताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, भोवऱ्याकडे पाहिलं. करवत त्याने बाकावर अशी ठेवली, जसं झोपलेलं मूल ठेवतात. जाता जाता त्याचा हात सवयीने भट्टीच्या झडपेकडे गेला आणि त्याने ती बंद केली. घोंघावणं थांबलं. त्या शांततेत दाराकडची दहा पावलं मास्तरांच्या आयुष्यातली सगळ्यात लांब होती. पाठीला डोळे फुटल्यासारखं वाटत होतं. आता. नाही. आता.

बोळाच्या तोंडाशी पोचल्यावर ओतारी मटकन खाली बसला.

“दोन वेळा घणाने ठोकला मी त्याला,” तो म्हणाला. “कडी निघते का बघायला.” मग म्हणाला, “मास्तर, चाळीस वर्षं आगीशी संसार केला, एक केस जळला नाही. आणि तुम्ही मला बायकोच्या आठवणीने मारायला निघालात!”

“तोट्या घालायला हव्या होत्या,” मास्तर म्हणाले.

ओतारी हसायला लागला आणि हसता हसता त्याला उलटी झाली.

पोलीस आले, दोऱ्या बांधल्या, घरं रिकामी केली. मग लष्कराची गाडी आली. जाड अंगरखा घातलेला एक माणूस एकटाच आत गेला. तासभर गेला. बाईने मास्तरांच्या बोटांना रुमाल बांधला होता, त्याला ते सारखे दाबत होते. दुखलं की बरं वाटत होतं.

शेवटी त्या पथकाचा प्रमुख त्यांच्याकडे आला. “एक्स-रे काढला,” तो म्हणाला. “भरलेलं आहे. करवत दारूपासून नखभर लांब होती. कोणाच्या घरात होतं हे?”

“माझ्या.”

“किती दिवस?”

मास्तरांनी सांगितलं. त्याने लिहायचं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. “घरात कोणाला कल्पना नव्हती?”

मास्तरांनी बाईकडे पाहिलं. बाईने नजर वळवली.

भोवरा वाळूच्या पेटीत घालून गावाबाहेरच्या खाणीत नेला. दुपारी चारच्या सुमारास आवाज झाला. फार मोठा नव्हता. पण खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि मास्तरांना कटिंगचं टेबल दिसलं, टेबलाखाली बसलेली मुलगी दिसली, आणि त्यांनी डोळे मिटले तरी ती दिसतच राहिली.

मुलीचा फोन आला तेव्हा ते घरी पोचले होते. बाईनेच तिला कळवलं होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “मी त्याची कडी फिरवायचे.”

“हो.”

“आई ओरडायची मला. एकदा मारलंही होतं तिने. तेवढंच एकदा. तिने सांगितलं का नाही?”

“तू जेवलीस का?” त्यांनी विचारलं.

संग्रहालयाची बाई जायला निघाली होती. गणवेश, पदकं, पत्रं तिने खोक्यात भरली होती. वही मात्र टेबलावर उघडी ठेवली. “हे तुम्ही वाचा, काका. मगच मला द्यायचं की नाही ते ठरवा.”

बायकोचं अक्षर बारीक आणि सरळ होतं. ‘खाट सात. पितळी टोक हातातून सोडत नव्हता. जपून ठेव म्हणाला. मी घेतलं तेव्हा झोपला. आत दारू असेल. साहेबांना दाखवायला हवं. दाखवलं तर ते नेतील. उद्या दाखवेन.’

दुसऱ्या दिवसाच्या तारखेखाली एकच ओळ होती. ‘खाट सात रिकामी.’

पुढचं पान कोरं.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. एकतीस वर्षं ती रोज त्या उद्याला भीत राहिली असणार, शेजारच्या खोलीत, पोळ्या लाटताना, इस्त्रीच्या बटणाकडे कान लावून. त्यांना तिचा भयंकर राग आला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. ते मोठ्याने म्हणाले, “एकदा सांगायचं होतंस, बाई!” आणि मग खुर्ची ओढून बसले.

आठवड्याने ओतारी आला. सोबत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. भट्टी अर्ध्यात बंद केल्यामुळे मुशीतलं पितळ तळाशी गोठलं होतं. वाटीच्या आकाराचा एक ओबडधोबड गोळा, आणि वरच्या बाजूने एक बटण अर्धं बाहेर राहिलेलं, त्यावरचं चिन्ह अजून वाचता येत होतं.

“पुन्हा वितळवून पाटी करू? यात जे आहे त्यात छोटी होईल.”

“नको,” मास्तर म्हणाले. “राहू दे असंच.”

“आणि दारावर?”

“लाकडाची करून घेतो.”

“लाकडाची बरी,” ओतारी म्हणाला. “लाकूड फुटत नाही.”

तो गेल्यावर मास्तरांनी टेबलावर कापड पसरलं. एका सुटाचं काम रखडलं होतं. कापड सरकायला लागलं तसा त्यांनी तो गोळा उचलून वर ठेवला. हे नुसतं पितळ आहे, बटणं आणि तारे, आपणच दिलेलं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी बोटं त्यावरून निघेनात.

त्यांनी कापड कापलं. घडी घातली. मग इस्त्रीच्या बटणाकडे हात नेला आणि थांबले. मागच्या खोलीत काही हललं नाही. त्यांनी गोळा दोन्ही हातांनी उचलला, पलीकडच्या फळीवर नेऊन ठेवला, आणि परत येऊन बटण दाबलं.